डोकं किती?

लेह, ४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना घातलाय, बघून घ्या. पत्र कशाला, फोन आहे की, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनानं सांगतेस. शिवाय एखादी अवघड गोष्ट सांगायला घेतली की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं. या खेपेला सुटायचं नाहीये, म्हणून कागद.

मी धडधाकट आहे, हे आधी लिहिते. नाकाची सालं निघालीत, ओठ फुटलेत, वजन तीन किलो उतरलंय. परवा, २ तारखेला, मनालीहून निघालेले आम्ही चौघं लेहला पोहोचलो. सायकली खोक्यांत भरायचं काम चाललंय आणि इथला सायकलवाला 'शाम को, शाम को' म्हणत दोन दिवस काढतोय. बाहेर ऊन इतकं कोरडं की धुतलेली चादर तासाभरात कडक होते. तिकडे पाऊस लागला असेल. अंगणातली ती पन्हळ कुणाकडून तरी साफ करून घ्या. तुम्ही वर चढू नका, बाबा.

आधी बाबांचं, कारण ते आपलं मेजरमेंट बुक, रस्त्याच्या कामांची मापं लिहायची वही, उघडून बसले असणार. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही त्या जुन्या एम.बी.च्या कोऱ्या पानावर खिंडींची यादी केलीत: रोहतांग ३,९७८, बारालाचा ला ४,८९०, मग नकी ला, लाचुलुंग ला, शेवटी टांगलांग ला ५,३२८. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणालात, "इंदूर साडेपाचशे मीटर. जानापावचा डोंगर ८५४. हिशेब कर." तो हिशेब वाटेत रोज केला.

तुमचा प्रश्न होता, बावीस किलो सामान लादून बाईमाणूस घाट चढणार कशी. (बाईमाणूस म्हणालात, मी ऐकलं.) उत्तर तुमच्याच भाषेत देते. डोंगरी रस्त्याचा रुलिंग ग्रेडियंट, म्हणजे आखणीत धरायचा चढ, एकास वीस: वीस मीटर पुढे, एक मीटर वर. मी अठ्ठावन्न, सायकल पंधरा, सामान बावीस, एकूण पंच्याण्णव किलो. एकास विसाच्या चढावर त्याचा विसावा भाग ओढायचा, म्हणजे पावणेपाच किलो. पाच किलोची आट्याची थैली वर ओढत राहायची, एवढंच. फक्त ती दिवसाचे सात तास, ताशी पाच-सहा किलोमीटरनं ओढायची आणि हवेत प्राणवायू जेमतेम. टांगलांग लावर हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्म्यावर येतो. जाम गेटच्या चढावर दर रविवारी पहाटे जी तयारी केली, ती पायांना कामाला आली. फुप्फुसांना माळव्यातला कुठलाच डोंगर शिकवू शकत नाही.

रस्ता तुम्हाला आवडला असता. मनालीपासून रोहतांग ५१ किलोमीटर आणि चढ एकोणीसशे मीटरचा, म्हणजे सरासरी एकास वीसपेक्षाही कमी. ज्यांनी आखणी केली त्यांना मनोमन नमस्कार केला. पुढे मात्र बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले. ते सकाळी लवकर ओलांडायचे, दुपारनंतर ऊन तापलं की फुगतात. पाणी रस्त्याच्या खालून न्यायचं सोडून वरून नेलं की तुम्ही ज्या शब्दांत कंत्राटदाराला झापायचात, ते शब्द मला कोकसरच्या उतारावर आठवले. लिहीत नाही, पत्र आई मोठ्यानं वाचून दाखवते.

त्याच उतारावर तुमची सळया बांधायची बाइंडिंग वायर कामाला आली. तुम्ही ते भेंडोळं सामानात कोंबलंत तेव्हा मी हसले होते. मागच्या कॅरिअरचा डावा बोल्ट खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी मोडला, अर्धा आतच राहिला आणि दहा किलोची पिशवी चाकाच्या तारांवर घासायला लागली. आमच्याकडे सुटे बोल्ट होते, पण आत अडकलेला तुकडा काढणार कसा? शेजारी सीमा सडकवाल्यांची टोळी भिंत बांधत होती. मजूर सगळे झारखंडचे, दुमक्याकडचे. दर उन्हाळ्यात तिथून शेकडो माणसं या रस्त्यांवर कामाला येतात. त्यातल्या एका पोरानं माझ्या हातातली वायर बघितली, "दीदी, ये तो हमारा माल है" म्हणाला आणि बसला मांडी घालून. वायर दुहेरी केली, कॅरिअरचा पाय आणि फ्रेमची नळी यांना आठाच्या आकड्यात गुंडाळली, पकडीनं टोकं धरून पीळ दिला. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला थांबला. "एक और दिया तो टूट जाएगा." तुम्हीही सळया बांधणाऱ्यांना हेच सांगायचात ना? मग वर टायरट्यूबचा तुकडा बांधला. तो सांधा लेहपर्यंत टिकला. पैसे घेईना, म्हणून आईचे डिंकाचे दोन लाडू दिले. तो एक खाऊन म्हणाला, "इसमें गोंद है." बरोबर ओळखलं.

आता आईचं. जेवले. रोज जेवले. तुला वाटतं तसं उपाशी कुणी ठेवत नाही, सरचू, पांग, डेबरिंग इथं पॅराशूटच्या कापडाचे तंबू टाकून बायका ढाबे चालवतात. आत भिंतीकडेनं गाद्या, मधे शेगडी, राजमा-भात, मॅगी, आमलेट, चहा. अडचण वेगळीच. तेवढ्या उंचीवर पाणी ८५-८६ अंशांवरच उकळायला लागतं, त्यामुळे उकळतंय म्हणून डाळ शिजतेय असं नाही. कुकर नसेल तर राजमा दाताखाली कचकच वाजतो. म्हणून सगळ्या ढाब्यांत कुकर. सरचूच्या ढाब्यातली बाई पहाटे पाचला कुकर चढवायची. अर्ध्या झोपेत ती शिट्टी ऐकली आणि क्षणभर मला लोकमान्य नगरातल्या आपल्या घरातच आहे असं वाटलं.

तुझं मेतकूट मात्र खरं उपयोगी पडलं. उंचीवर भूक मरते, अन्न समोर आलं की मळमळतं. तेव्हा मऊ भात, मेतकूट आणि आमच्यातल्या बँकवाल्यानं आणलेली अमूल बटरची वडी. तो मुळात पोह्यांवर सेव आणि जीरावन भुरभुरल्याशिवाय दिवस सुरू न करणारा माणूस. त्यानं छप्पन दुकानातून अर्धा किलो सेव आणली होती, ती रोहतांगच्या अलीकडेच संपवली.

आणि तू तीनदा विचारलेला प्रश्न, बायकांची सोय. झाडंझुडपं असतात तोवर प्रश्न नाही. मोरेचं पठार मात्र चाळीसेक किलोमीटर परातीसारखं सपाट, एक दगड आडोशाला नाही. तिथं तू दिलेली जुनी नऊवारी कामी आली. दोघींनी आळीपाळीनं ती ताणून धरायची. लांबून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, त्यांना वाटलं असेल कुठल्या तरी देवीची पालखी निघालीय.

आता ज्यासाठी कागद घेतला ते.

आम्ही चौघं. त्यातली एक डॉक्टर, तुम्ही तिला ओळखता, भुलीचं इंजेक्शन देणारी. तिनं मनालीतच नियम घालून दिला होता. रोज संध्याकाळी चहा झाला की हजेरी. प्रत्येकानं डोकेदुखीचा आकडा सांगायचा, शून्य ते तीन. मग मळमळ, चक्कर, झोप. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचा. ती म्हणाली, चिमटा कमी दाखवेल त्याचं एवढं नाही, उंचीवर सगळ्यांचाच कमी येतो. आकडा खरा सांगा, बाकी मी बघते.

केलाँगला एक दिवस मुक्काम करून जिस्पाला आलो, तिथवर माझं खरंच शून्य होतं. जिस्पा ३,२०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी चढून झिंगझिंगबारला मुक्काम, तो ४,२७० च्या आसपास. तीन हजारांच्या वर एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच झोपायला जाऊ नये, हे आम्हाला पाठ होतं. पण मधे दारच्याला थांबायचं तर एक दिवस वाढतो आणि 'पाय चांगले चाललेत' म्हणून मीच पुढे रेटलं. डॉक्टर नको म्हणत होती. त्या रात्री कपाळाच्या मागे कुणी तरी खलबत्ता कुटत होतं. सकाळी विचारलं तेव्हा मी म्हणाले, शून्य.

का म्हणाले? माझ्यामुळे तिघांचा दिवस फुकट जाईल, म्हणून. सगळ्यांत जास्त तयारी माझीच होती, म्हणूनही. गपचूप एक क्रोसिन घेतली. बारालाचा ला चढलो. वर सूरज ताल गोठलेला, कडेकडेनं फक्त निळं पाणी. भागा नदी तिथं जन्मते. चंद्राही त्याच खिंडीच्या दुसऱ्या अंगाला उगम पावते, दोघी उलट्या दिशांनी डोंगराला वळसा घालून खाली तांदीला भेटतात आणि चंद्रभागा होतात, तीच पुढे चिनाब. हे मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं म्हणे. मला सांगितल्याचं आठवत नाही. सरचूला संध्याकाळच्या हजेरीत पुन्हा शून्य. भात ताटात तसाच होता, तो मी कुत्र्याला घातला.

सरचू म्हणजे सापळा आहे, बाबा. मागे बारालाचा, पुढे नकी आणि लाचुलुंग. बिघडलं तर उतरून जायला जागाच नाही, दोन्हीकडे आधी चढायचं. पंचवीस तारखेला सकाळी नदीकाठानं सपाट रस्त्यावर ठीक चालवलं. मग गाटा लूप्स, एकवीस हेअरपिन. तुम्ही ज्याचा फोटो काढून आण म्हणाला होतात तोच घाट. आठव्या वळणाला मी सायकलवरून उतरले आणि उतरल्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं ते कळेना. ओकले. बँकवाल्यानं सायकल धरली. डॉक्टर खाली आली, काही बोलली नाही. रस्त्याच्या कडेला बुटाच्या टाचेनं धुळीत एक रेघ ओढली आणि म्हणाली, "चाल. टाचेला चवडा लावून."

चौथ्या पावलाला मी रेघेच्या बाहेर होते.

तिनं विचारलं, "डोकं किती?" मी म्हणाले, तीन. "कधीपासून?" झिंगझिंगबारपासून. ती एवढंच म्हणाली की तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते आणि आता तू काय म्हणतेस ते मी विचारणार नाही. गोळी दिली, सुई टोचली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लेहहून मनालीकडे रिकामी जाणारी एक पिकअप थांबली. लाहौली ड्रायव्हर. त्यानं मागे सायकली टाकल्या, मला आणि तिला पुढे बसवलं. बारालाचा पुन्हा ओलांडायची होती. तिनं मला झोपू दिलं नाही, पूर्ण वाट पाढे म्हणायला लावले. तेराचा पाढा मला येत नाही हे बँकवाल्याला माहीत नव्हतं, बरं झालं तो पुढे गेला होता. संध्याकाळी केलाँग, ३,०८० मीटर, सरकारी रुग्णालय. रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी डोकं असं हलकं की मला रडू आलं.

तीन दिवस आम्ही दोघी तिथं होतो. तेव्हा मी तुम्हाला फोन करून सांगितलं, "विश्रांती घेतोय, हवा मस्त आहे." ते खोटं होतं.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांनी वर जायला हो म्हटलं ते अटी घालून. एकोणतीसला ट्रकनं पांगपर्यंत गेलो, तिथून सायकल. म्हणजे गाटा लूप्सची तेरा वळणं, नकी ला आणि लाचुलुंग ला मी ट्रकच्या काचेतून बघितले. बाबा, एम.बी.मध्ये त्या दोन खिंडींपुढे टिक करू नका, काम न होता बिल काढल्यासारखं होईल. घाटात वर एका जागी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बर्फात अडकून तहानेनं मेलेल्या एका क्लीनरचं ते ठाणं म्हणतात, येणारा-जाणारा त्याला पाणी ठेवतो. आमच्या ट्रकवाल्यानंही न बोलता गाडी थांबवली आणि एक बाटली ठेवली. मी पण ठेवली. टांगलांग ला मात्र संपूर्ण चढले. वरच्या पाटीवरची उंची तुमच्या यादीपेक्षा जास्त आहे, ते तुम्ही आणि सीमा सडकवाले बघून घ्या. पुढच्या दोघांनी लेहला वाट बघितली. कुणी एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं.

आणि आता परवाचं. लेहला फोनला नेटवर्क आलं तेव्हा पहिला फोन तुमच्या नातवाला लावला. त्यानं शाळेचं सांगितलं, वरणात साखर पडली ते सांगितलं आणि मग म्हणाला, "या वेळी आजोबा न्हाणीत पडले होते, कोपर पूर्ण काळंनिळं झालं. पण तुला सांगायचं नाहीये, तू डोंगरात आहेस." मी विचारलं कधी. योगदिन होता, म्हणाला. म्हणजे २१ जून. त्या दिवशी आमचा केलाँगला मुक्काम होता, संध्याकाळी मी तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलले होते. आई म्हणाली, "आम्ही मजेत." बाबा मागून म्हणाले, "एकदम ठीक."

म्हणजे तुम्ही शून्य सांगितलंत.

मला ओरडायची सोय नाही, हे वर चार पानांत मीच लिहिलंय. आई, तू त्याला शिकवलंस म्हणून रागावत नाहीये. पण मला काही गोष्टी विचारायच्यात आणि खरं उत्तर पाहिजे. बाबा, फरशी ओली होती म्हणून पाय घसरला, की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? दोन्हींत फार फरक आहे, डॉक्टरीणबाईनं मला नीट समजावलंय. रात्री लघवीला उठताना पडलात की सकाळी? बी.पी.ची नवी गोळी सुरू केली त्याच्या आधी की नंतर? डोकं आपटलं का? आणि ही पहिलीच वेळ आहे का? नातू 'या वेळी' म्हणाला. तो शब्द मला रात्री झोपू देत नाही.

आई, तुझ्या गुडघ्याचंही. जिन्यावरून तू आजकाल उलटी उतरतेस, मी दिवाळीतच बघितलंय. तू म्हणालीस पैंजण अडकतं. तू पैंजण घालतच नाहीस.

१० तारखेला दुपारी पोहोचते. अकराला सकाळी अकराची वेळ घेतलीय, दोघांची. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, नंतर हाडांच्या. 'बरं आहे आता, कशाला' हे वाक्य मी येईपर्यंत संपवून ठेवा. न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्यायचाय, स्टीलचा. कुठल्या उंचीवर आणि किती सूत जाडीचा, ते बाबांनीच ठरवावं, प्लंबरवर सोडलं तर तो टॉवेल वाळत घालायच्या उंचीवर बसवेल. तोवर तिथं रबरी पायपुसणं टाका, ते सुंदर निळं विणलेलं नको, ते सरकतं.

आणि बाबा, अंगणातल्या कोटा फरशीचा तो लांब जोड आहे ना, तुळशीपासून फाटकापर्यंत? आल्यावर तुम्हाला त्यावरून चालायला लावणार आहे. टाचेला चवडा लावून. मी शेजारून चालेन. पडलो तर दोघं पडू.

आईसाठी वाळलेले जर्दाळू घेतलेत, गोड बियांचे, बिया फोडून खायच्या. भुट्टे बाजारात आले असतील तर दहा तारखेला कीस कर. दूध जास्त घाल. तीन किलो भरून काढायचेत.

तुमची,
गुड्डी

ता. क. बाइंडिंग वायरचं अर्धं भेंडोळं उरलंय. परत आणतेय, हिशेबाला धरा.